कुलूप तर होतं की गं

2022 च्या जून महिन्यातली गोष्ट आहे, पाण्याचा दिवस होता. सोलापुरात राहणाऱ्याला पाण्याचा दिवस म्हणजे काय ते सांगायला नको, तीन-चार दिवसातनं एकदा नळ येतो आणि तो आला की घरातलं बाकी सगळं थांबतं. मी खाली हौदापाशी मोटर लावून उभी आणि अप्पा वर एकटे, मोबाईल घेऊन. त्यांना मेसेज आला की मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री 9.30 ला तुमची लाईट कापण्यात येईल, ताबडतोब ह्या नंबरवर बोला. बिल मीच भरलं होतं, आठ दिवसापूर्वी, पण ते अप्पांना कुठं माहीत. त्यांनी फोन लावला, पलीकडचा माणूस एकदम आदबीनं बोलला, लिंक पाठवली, म्हणाला फक्त 10 रुपये भरा बाबा, म्हणजे बिल अपडेट होऊन जाईल. अप्पांनी कपाटातनं कार्ड काढलं, आकडे टाकले, ओटीपी टाकला, एरर आली म्हणून परत टाकला, मग अजून एकदा टाकला. मी हात पुसत वर आले तोपर्यंत 42 हजार गेले होते.

मी ओरडले. वडिलांवर आयुष्यात कधी ओरडले नव्हते तशी ओरडले, कशाला उघडलं, मला हाक मारता येत नव्हती का, किती वेळा सांगितलंय. ते खुर्चीत बसून होते, मोबाईल अजून हातात, आणि हळू आवाजात म्हणाले, "कुलूप तर होतं की गं. तूच सांगितलेलंस ना, कुलूप बघायचं आणि मगच पुढं जायचं."

त्यांनी बघितलं होतं. खरंच बघितलं होतं, पत्त्याच्या शेजारी छोटं कुलूप होतं आणि ते बघूनच त्यांनी कार्ड काढलं होतं. मी शिकवलेलं त्यांनी अगदी तंतोतंत केलं होतं.

हे मला जास्त लागलं कारण हेच माझं काम आहे. पूर्व भागात आमचं छोटं ऑनलाईन सेंटर आहे, झेरॉक्स, लॅमिनेशन, फॉर्म भरणे, दाखले, स्कॉलरशिप, पॅन, पीएफ, जे येईल ते. इथं येणाऱ्या बायका बहुतेक विडी कामगार, पुरुष यंत्रमागावरचे किंवा टॉवेलच्या कारखान्यातले, घरात तेलुगू बोलणारे, बाहेर मराठी बोलणारे, आणि हातात स्मार्टफोन पण इंग्रजी अक्षरांशी फारसं जमत नाही. ह्या सगळ्यांना मी वर्षानुवर्षं एकच सांगत आले होते की कुलूप बघा. सेंटरच्या भिंतीवर मी स्वतः प्रिंट काढून कागद चिकटवला होता, मोठं हिरवं कुलूप आणि खाली "हे असेल तर साईट सुरक्षित". त्या दिवशी संध्याकाळी पहिलं काम केलं ते तो कागद फाडला.

मग वाचायला लागले. आधी वाचायला पाहिजे होतं, हे मी स्वतःला अजून सांगते.

कुलूप म्हणजे एवढंच, की तुमच्या मोबाईलपासनं त्या साईटपर्यंत जे जातं ते गुपित होऊन जातं, मधे वायफायवाला किंवा दुसरा कोणी ते वाचू शकत नाही. पत्त्यात सुरुवातीला एचटीटीपी च्या पुढं जो एस लागतो तो हाच. पण त्या टोकाला कोण बसलंय, तो माणूस चांगला का वाईट, हे कुलूप सांगत नाही. चोराच्या घरापर्यंतचा रस्ता पण बंदिस्त असू शकतो, आणि तसाच तो होता. कुलूप दिसायला साईटला एक प्रमाणपत्र लागतं, पूर्वी ते घ्यायला पैसे पडायचे, कटकट असायची, म्हणून भुरटे त्याच्या नादाला कमी लागायचे, आणि तेव्हाचा सल्ला तेव्हा थोडाफार चालून जायचा. 2015 च्या शेवटी लेट्स एन्क्रिप्ट नावाची सेवा सुरू झाली आणि ते प्रमाणपत्र कुणालाही फुकट, काही मिनिटात मिळायला लागलं. ही गोष्ट चांगलीच झाली, सगळं नेट जास्त सुरक्षित झालं त्यानं, पण कुलूप चोरालाही मिळालं. 2018 मधे गुगलच्या क्रोमनं उलटं केलं, एस नसलेल्या साईटवर "सुरक्षित नाही" असं लिहायला लागले, म्हणजे तसं लिहिलेलं असेल तर तिथं काही भरू नका एवढं अजूनही खरं. पण कुलूप असेल तर भरा, हे खोटं. आणि गुगलला हे कळलं होतं, 2021 च्या त्यांच्याच अभ्यासात कुलपाचा नेमका अर्थ शंभरातल्या फक्त 11 लोकांना बरोबर सांगता आला होता. म्हणून 2023 मधे क्रोमनं ते कुलूपच काढून टाकलं, आता तिथं दोन आडव्या रेघा आणि त्यावर गोळे असं चिन्ह दिसतं. शंभरातले 89 चुकत होते, त्यात एक मी. फरक एवढाच की मी ते भिंतीवर चिकटवून दुसऱ्यांना शिकवत होते.

अप्पा दोन-तीन दिवस गप्प होते. जेवायचे, झोपायचे, देवळात जाऊन यायचे. पैशाचं होतंच पण त्याहून जास्त त्यांना आपण फसलो ह्याची लाज वाटत होती, शेजारी कुणाला सांगू नकोस म्हणाले. ही लाजच फसवणाऱ्याच्या कामी येते असं मला आता वाटतं, कारण माणूस बोलत नाही आणि शेजारचा पुढच्या आठवड्यात तसाच फसतो. तर एका संध्याकाळी मी त्यांना हे कुलपाचं सगळं समजावून सांगत होते, माझी चूक होती म्हणत होते, आणि त्यांनी मधेच विचारलं, म्हणजे लेबल बघायचं नाही, वीण बघायची?

अप्पा आयुष्यभर मागावर होते, शेवटची काही वर्षं जॉबर, म्हणजे मागवाल्यांवरचा मुकादम. चादर हातात घेतली की त्यांचा हात आधी उलट्या बाजूला जातो. सोलापुरी जेकार्ड चादरीत नक्षी विणलेली असते, मागच्या बाजूला तीच नक्षी रंग उलटे होऊन दिसते, छापलेल्या चादरीला पाठ फिक्कट असते. सोलापूरच्या चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळून 20 वर्षं झाली, तरी बाहेरगावची चादर सोलापुरी म्हणून रस्त्यावर विकली जातेच आणि तिच्यावर लेबलसुद्धा असतं, चांगलं चमकणारं. लेबल काय, शिवून लावता येतं. अप्पांना हे 40 वर्षं माहीत होतं. त्यांना जे माहीत नव्हतं ते एवढंच की वेबसाईटची उलटी बाजू कुठं असते.

ती वर असते, पत्त्याच्या ओळीत. बाकी सगळं, लोगो, रंग, मंत्र्यांचे फोटो, खाली "सर्व हक्क राखीव", हे सगळं खऱ्या साईटवरनं उचलून तसंच्या तसं लावता येतं, त्याला दहा मिनिटं पण लागत नाहीत. पूर्वी आम्ही म्हणायचो की शुद्धलेखन चुकलेलं असलं की समजायचं खोटी, आता तेही गेलं, एआय माझ्यापेक्षा शुद्ध मराठी लिहून देतं त्यांना. पत्ता मात्र त्यांना तोच घेता येत नाही, कारण एक नाव एकाच मालकाच्या ताब्यात असतं.

पण पत्ता वाचायचा कसा हे कुणी शिकवत नाही, मला पण कुणी शिकवलं नव्हतं. मी आता माझ्या गिऱ्हाइकांना आडनावावरनं सांगते. आपल्याकडं मराठीत आडनाव शेवटी येतं, आमच्या गल्लीतली काही जुनी तेलुगू माणसं आडनाव आधी सांगतात, घराण्याचं नाव पहिलं आणि माणसाचं मागनं. तर वेबसाईटचं नाव मराठी पद्धतीचं असतं, आडनाव शेवटी. पत्त्यात पहिली एकेरी तिरकी रेघ येते तिथं थांबायचं, ती नसेल तर पत्ता संपतो तिथं, आणि तिथनं मागं मागं यायचं. रेघेच्या लगेच आधी जे दोन शब्द असतात ते आडनाव, मालक तोच. डॉट को डॉट इन असेल तर तीन शब्द धरायचे. त्याच्या आधी काहीही लिहिता येतं, फुकट, कुणाला न विचारता. समजा पत्ता आहे बँकेचं नाव डॉट केवायसी-अपडेट डॉट टॉप. आपण डावीकडनं वाचतो, बँकेचं नाव दिसतं आणि तिथंच समाधान होतं. पण ह्या घरात बँक कुठंच नाही, हे घराणं केवायसी-अपडेट डॉट टॉप, आणि त्यानं आपल्या पोराचं नाव बँक ठेवलंय. रेघेच्या नंतर जे येतं त्यालाही काही अर्थ नाही, तिथं सरकार लिहा नाहीतर पंढरपूर लिहा. हे एकदा डोक्यात बसलं की मग दिसायलाच लागतं, नको तिथं पण दिसतं.

सरकारी काम असेल तर आडनाव गव्ह डॉट इन पाहिजे, ते कुणालाही बाजारात विकत मिळत नाही, सरकारी कार्यालयांनाच मिळतं. महाडीबीटी, आधार, पॅनचं इन्कम टॅक्स, परिवहन, सगळी शेवटी तिथंच जातात. बँकांचं आता अजून सोपं झालंय, रिझर्व्ह बँकेनं 2025 मधे सगळ्या बँकांना डॉट बँक डॉट इन ह्या आडनावावर यायला सांगितलं, 31 ऑक्टोबर 2025 ची मुदत होती. हे मला फार आवडलं, कारण न शिकलेल्या माणसालासुद्धा हे सांगता येतं की बँकेचं नाव आणि मागं बँक डॉट इन, बाकी काही असेल तर मोबाईल ठेवून दे आणि शाखेत ये. पण सगळ्यालाच असा सरळ नियम लागत नाही. रेल्वेचं तिकीट डॉट को डॉट इन वर आहे, आपल्या विजेची महाडिस्कॉम नुसती डॉट इन वर आहे, ती गव्ह नाही तरी खरीच आहे. अशी चार-पाच नावं पाठच पाहिजेत. मी ती मोठ्या अक्षरात छापून ठेवलीत, ज्यांना वाचता येत नाही त्या अक्षरांचा आकार जुळवून बघतात. रांगोळीचे ठिपके जुळवणाऱ्या बाईला हे अवघड जात नाही, मी रोज बघते.

अक्षरांमधे पण लबाडी असते. छोट्या एल च्या जागी एक आकडा, ओ च्या जागी शून्य, आर आणि एन चिकटवले की लांबून एम वाटतो. मधेच एक डॅश जास्त. रशियन लिपीतली काही अक्षरं इंग्रजीसारखीच दिसतात, 2017 मधे एका संशोधकानं त्या अक्षरांतनं अ‍ॅपल कंपनीच्या नावाची साईट करून दाखवली होती आणि डोळ्यांना काहीच फरक कळत नव्हता. आता बरेचदा ब्राउजर असं नाव एक्सएन आणि दोन डॅश असं उघडं करून दाखवतात. तरी डोळ्यावर सगळं सोडू नये. त्यापेक्षा मला भरवशाचा वाटतो तो मोबाईलमधला पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड आपोआप भरून येतो ना, तो. त्याला लोगो दिसत नाही, तो फक्त नाव बघतो, आणि नाव एका अक्षरानं जरी वेगळं असेल तर तो भरत नाही. रोज आपोआप भरणारा पासवर्ड आज आला नाही तर हातानं टाकू नका, आधी वर बघा.

गेल्या वर्षी, 2025 च्या सप्टेंबरपासनं, लाडकी बहीणच्या ई-केवायसीसाठी सेंटरपुढं बायकांची रांग असायची. तेव्हा जे बघितलं ते सांगते. साईटवर गर्दी झाली की पान उघडायचं नाही, ओटीपी यायचा नाही, मग बाई घरी जाऊन पोराला म्हणायची तू बघ, पोरगा गुगलमधे शोधायचा आणि जे पहिलं येईल ते उघडायचा. पहिलं आलं म्हणजे खरं, असं आपल्याला वाटतं, पण वर येणारी काही नावं पैसे देऊन आलेली असतात, बारीक अक्षरात "प्रायोजित" लिहिलेलं असतं, आणि ई-केवायसीच्या नावानं खोटी पानंही निघाली होती. खरी साईट ladakibahin असं नाव आणि मागं महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन. हे मागचं आडनाव तेवढं बघ बाई, असं मी दिवसाला पन्नास वेळा म्हटलं असेल. 1500 रुपये कुणाला कमी वाटत असतील, दिवसाला हजार विड्या वळणारीला ते कमी नाहीत.

गाडीच्या नव्या नंबर प्लेटच्या वेळी पण तोच घोळ, बुकिंग खाजगी एजन्सीच्या साईटवर होतं त्यामुळं गव्ह बघून चालत नव्हतं. मग काय करायचं, तर परिवहन विभागाची साईट आधी उघडायची आणि तिथनं दिलेल्या लिंकनं पुढं जायचं. म्हणजे ओळखीच्या माणसाच्या हातानं अनोळखी घरी जायचं.

एक गोष्ट मात्र घाबरवणारे लोक नीट सांगत नाहीत. नुसती साईट बघितली म्हणून सहसा पैसे जात नाहीत, मोबाईल आणि ब्राउजर अपडेट ठेवलेला असेल तर नुसतं उघडून काही होण्याची भीती बरीच कमी आहे. नुकसान होतं ते आपण काहीतरी देतो तेव्हा. ओटीपी देतो, कार्डचा नंबर देतो, यूपीआयचा पिन टाकतो, आणि पैसे यायला पिन कधीच लागत नाही, जायलाच लागतो. किंवा त्यांनी दिलेली फाईल आपण घेतो. लग्नपत्रिका म्हणून एपीके, गाडीचं चलान म्हणून एपीके, आणि ती बसवली की मोबाईलमधले मेसेज तिकडं जायला लागतात. पत्रिका फोटोत येते, पीडीएफमधे येते, एपीके म्हणजे अ‍ॅप असतं, लग्नाला अ‍ॅप कशाला लागतंय. "तुम्ही रोबोट नाही हे सांगायला अलाऊ दाबा" म्हणणारी साईट बंद करायची, ते दाबलं की दिवसभर घाणेरड्या जाहिरातींच्या नोटिफिकेशन येत राहतात, आमच्याकडं आठवड्याला दोन-तीन जण तेच बंद करून घ्यायला येतात. कॉम्प्युटरवर तर आता असं पण निघालंय की विंडोजचं बटण आणि आर दाबा आणि हे पेस्ट करा, ते कुठल्याही कारणानं करू नका. आणि "तुमच्या मोबाईलमधे 13 व्हायरस सापडले" असं जे पान म्हणतं त्याला तुमच्या मोबाईलच्या आतलं काही दिसत नसतं.

शंकाच आली तर साईट किती जुनी आहे ते व्हू-इजमधे, म्हणजे साईटच्या नावांच्या नोंदवहीत, बघता येतं. दिवाळीच्या तोंडावर 80 टक्के सूट देणारं दुकान तीन आठवड्यापूर्वी जन्मलेलं असेल तर मी तरी तिथनं साडी घेणार नाही. लिंक व्हायरसटोटल ह्या लिंक तपासणाऱ्या साईटवर टाकून बघता येते. पण तिथं काही सापडलं नाही म्हणजे साईट चांगली असं धरू नका, आज सकाळी काढलेली साईट कुणाच्याच यादीत नसते, आणि अप्पांना आलेली तशीच असणार. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर संशयित नंबर आणि साईट शोधायची सोय आहे, ती मी वापरते.

ऑनलाईन फसवणूक झाली की लगेच कळवायचा 1930 हा नंबर मला तेव्हा माहीत नव्हता. तो त्याच वर्षी सुरू झालेला. मी रात्रभर बँकेच्या कस्टमर केअरला फोन लावत बसले, सकाळी शाखेत गेलो, मग पोलिसात. कार्डावरनं गेलेले पैसे तोपर्यंत तीन खाती पुढं गेले होते. 1930 ला लगेच फोन केला असता तर पैसे ज्या खात्यात थांबलेत तिथं ते गोठवायला सांगता येतं, जितकं लवकर तितकं बरं. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम तेव्हा असा होता की ग्राहकानं स्वतः ओटीपी वगैरे दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाज बाजूला ठेवून पहिला फोन करायचा, ओरडायचं नंतर. मी उलटं केलं. पहिली पंधरा मिनिटं ओरडण्यात गेली, ती मला अजून टोचतात. पैसे परत आले नाहीत.

आता अप्पा दुपारी सेंटरवर येऊन बसतात. सुरुवातीला नुसते झेरॉक्सचे कागद लावायचे, मग कुणी मोबाईल पुढं केला की चष्मा लावून बघायला लागले. त्यांनी स्वतःची एक पद्धत काढलीय, मी शिकवलेली नाही. मोबाईल टेबलावर ठेवतात आणि डावा तळवा स्क्रीनवर आडवा ठेवतात, लोगो, फोटो, लाल अक्षरातली घाई, सगळं झाकतात. फक्त वरची पत्त्याची ओळ उघडी. मग त्या ओळीवर बोट दाबून ती पूर्ण लांब करतात, कारण मोबाईलवर ती अर्धीच दिसते.

परवा मागच्या गल्लीतल्या एक अक्का आल्या, नातवाच्या स्कॉलरशिपचा मेसेज आलाय, आज शेवटची तारीख म्हणे, अण्णा जरा भरून द्या की. अप्पांनी तळवा ठेवला.

"वाच."

"मला कुठं येतंय हो."

"अक्षर अक्षर वाच. शेवटनं मागं ये."

अक्कांनी मोबाईल जवळ ओढला, भिंतीवरच्या कागदाकडं बघितलं, परत मोबाईलकडं बघितलं. एक एक अक्षर बोटानं जुळवत गेल्या. बराच वेळ लागला, मागं दोन जण झेरॉक्ससाठी उभे होते ते पण वाकून बघायला लागले.

"ह्यात ते जी कुठंच नाही की," अक्का म्हणाल्या.

अप्पांनी तळवा उचलला नाही. "परत एकदा बघ," म्हणाले.

त्यांनी परत बघितलं. मग काही न बोलता मोबाईल घेतला, मेसेज काढून टाकला, आणि पदराला हात पुसत नातवाच्या आधारची झेरॉक्स मागितली, दोन प्रती.